स्पीकर माझ्या ताब्यात

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. या मिनिटाला बारा बायकांनी मिळून माझा आवाज काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात माझ्या हातात एक डबा ठेवला.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गेली चार वर्षं बायकांचा व्यायाम मी घेते. वन-टू-थ्री-फोर मी मोजते. अख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल असं मोजायला कॉन्व्हेंटच्या ड्रिलमध्ये शिकले. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून, तोच आवाज कामी आला. आज सगळ्या न सांगता ओळीत उभ्या राहिल्या. मला वाटलं, अखेर शिस्त लागली. तर महिला मंडळाची सेक्रेटरीण पुढे आली आणि रंगीत कागदात बांधलेलं खोकं माझ्या हातात देऊन म्हणाली, मॅडम, तुमच्या घशाला किती त्रास होतो. आता यावर म्युझिक लावायचं, मोजणीसुद्धा त्यातच येते. तुम्ही नुसत्या आरामात उभ्या राहा.

नुसतं उभं राहायला मी काय कुंडी आहे?

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात गुडघेबाईंच्या. या बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि चार वर्षांत त्यांनी गुडघा एकदाही वाकवलेला नाही. मी हसले. कॉन्व्हेंटमध्ये तेही शिकवतात.

संकल्प: डबा त्यांनी आणला असेल, चालवणार मी.

दुपारी ४.

खोकं उघडलं. आत राखाडी कापडात गुंडाळलेला, हातात मावेल असा बिनवायरचा स्पीकर, चार्जिंगची आखूड वायर आणि अकरा भाषांतलं माहितीपत्रक. इंग्रजी भागात दोन चुका होत्या. पेनने दुरुस्त केल्या. सगळं भिंगातून वाचलं. सार इतकंच: बटण दाबा, निळा दिवा लागेल, पुढचं फोनमध्ये बघा. स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचं, ही पद्धत फक्त आमच्या खात्यात होती असा माझा समज होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

सेक्रेटरीण सकाळी स्वतःचा फोन परजतच आली. म्हणे, माझ्या फोनला जोडते, माझ्याकडे छान गाणी आहेत. मी स्पष्ट सांगितलं. एकच स्पीकर, एकच फोन, एकच इन्चार्ज. एका बोर्डात दोघींनी हात घातले की कोणाचं तरी बोलणं भलत्याच्याच कानात जातं, हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे. माझ्या हाताखाली असं एकदाही झालं नाही.

माझ्या फोनला जोडला. आतून एक बाई "कनेक्टेड" म्हणाली. उच्चार बरा. सूर आगाऊ.

व्यायामाच्या शेवटी पाठीवर पडून श्वास घ्यायचा असतो, तेव्हा मी म्युझिक थांबवलं. दहा मिनिटांनी "उठा"चं म्युझिक लावायला गेले तर स्पीकर झोपलेला. तो जागा होईपर्यंत बायका तशाच पडून. दोघी घोरायला लागल्या. गुडघेबाई म्हणाल्या, चार वर्षांतला हा सर्वात चांगला तास.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, बॅटरी वाचावी म्हणून वाजत नसला की आपोआप बंद होतो. मी विचारलं, कामावर असताना झोपायची सवलत कुठल्या ऑफिसात असते? तो हसला आणि काहीतरी सेटिंग बदलून त्याची झोप बंद केली. म्हणाला, आता चालू ठेवलात की चालूच राहील. शिवाय तुमची-त्याची ओळख झाली आहे, फोन जवळपास आला की न विचारता जोडला जाईल, सोडणार नाही तुम्हाला.

हा गुण माणसांत राहिलेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

पूर्ण यशस्वी. ध्वनिमुद्रित मोजणी करणारा पुरुष "थ्री" घाईत उरकतो, एवढंच.

रात्री स्पीकरची कायमची व्यवस्था लावली. हॉलमधल्या जाळीच्या दाराच्या कपाटात, चार्जिंगला लावून, अहोरात्र चालू. सारखं बंद-चालू केल्याने बटण झिजतं. एक्स्चेंजही कधी बंद नसायचं. कपाटाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. माझं घर हॉलच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आहे, म्हणजे देखरेखही आपोआप होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.

फोन बिघडला.

रोज सव्वापाचला, चहा झाला की, मी धाकटीला दिवसाचा रिपोर्ट पाठवते. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहते. नवरा गेल्यापासून एकटीच, मुलगा परदेशात असतो. फोनवर गप्पा मारायच्या नाहीत हा माझा नियम आहे. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले, आता कानाला पेन्शन दिली आहे. मध्यंतरी ती टाइप करून लिहायची. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका की मी प्रत्येक मेसेज दुरुस्त करून परत पाठवायचे. दोन महिन्यांत तिने टाइप करणं सोडलं. सुधारणा व्हायला हवी होती, ती माघार घेऊन बसली. तेव्हापासून दोघी आवाज रेकॉर्ड करून पाठवतो.

मी मात्र पाठवण्याआधी माझं बोलणं एकदा पूर्ण ऐकते. आमच्या शाळेतल्या मदर सांगायच्या, हातातून कागद सोडण्याआधी पुन्हा वाचा. आज रेकॉर्ड केलं की, सेक्रेटरीण चालते कशी, तर प्रत्येक पावलाची पावती फाडत असल्यासारखी. आणि गुडघेबाईंचा गुडघा फक्त व्यायामात दुखतो, ग्रुप फोटो म्हटला की पहिल्या रांगेत मांडी घालून बसतात. चांगलं जमलं होतं. ऐकायला लावलं तर आवाजच नाही. रेघ सरकते, आवाज नाही. फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. तीनदा लावला. शेवटी विश्वासावर पाठवून दिला.

धाकटीचं उत्तर आलं, बावन्न सेकंदांचं. तेही मुकं. चारदा लावून पाहिलं. हिने नक्कीच माइकवर अंगठा ठेवून रेकॉर्ड केलं असणार. लहानपणापासून धांदरट.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

गुडघेबाईंनी आज गुडघा वाकवला. पूर्ण. बारा वेळा. पूर्ण वेळ माझ्याकडे बघत. शिस्तीला उशिरा का होईना फळ येतं. सेक्रेटरीण मात्र तासभर भिंतीला टेकून उभी राहिली, एक पाऊल टाकलं नाही. पाय दुखत असेल.

संध्याकाळी धाकटीला बजावलं, तुझे मेसेज कोरे येतात, अंगठा काढ. उत्तर आलं, एक मिनिट दहा सेकंद. कोरंच. पाच वेळा लावून पाहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार.

फोन येतात, जातात, घंटा वाजते. फक्त निरोप मुके. तरी रिपोर्ट चुकवला नाही. आज विषय नर्स. तळमजल्यावर राहणारी, निवृत्त, बोलते कमी आणि बघते जास्त. म्हटलं, ही इतकी गप्प की हिच्या पेशंटना आपण बरे झालो की गेलो, हे कळतच नसेल. वाक्य इतकं बरं वाटलं की आवाज येत नसतानाही दोनदा तपासलं.

हॉलमध्ये रोज पाच ते सहा बायका विणकामाला बसतात. मी जात नाही. तिथे लोकर कमी आणि लोक जास्त उसवतात. आज खिडकीतून पाहिलं तर वॉचमन खुर्च्या वाहून नेत होता. विचारलं तर म्हणाला, विणकामाला गर्दी वाढली आहे, बसायला जागा नाही. दोन पेन्शनर पुरुषही हातात लोकरीचा गुंडा घेऊन आत शिरताना दिसले. काळ बदलतो आहे. चांगलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार.

जिन्यात नर्स भेटली. म्हणाली, मॅडम, स्पीकरबद्दल जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, तोंडी तक्रारी मी घेत नाही, लेखी द्या. ती म्हणाली, तक्रार नाही हो. मी म्हटलं, मग तर घाईच नाही.

मागून सेक्रेटरीण आली. स्पीकर रात्रंदिवस चालू कशाला, निदान संध्याकाळी बंद ठेवा, नाहीतर किल्ली आमच्याकडे द्या. आता कळलं. डोळा किल्लीवर आहे.

संकल्प: पर्स उशाशी ठेवायची.

१० फेब्रुवारी, सोमवार.

सेक्रेटरीणीने दाराखालून लेखी अर्ज सरकवला. घडी घातलेला कागद. वर तारीख नाही, विषय नाही. न उघडता "तारीख घालून पुन्हा सादर करावा" असा शेरा मारून परत पाठवला. पद्धत म्हणून काही असते.

फोन घेऊन मोबाइलवाल्याकडे गेले. त्याने कुठलंसं गाणं लावलं. खणखणीत वाजलं. म्हणाला, फोन ठणठणीत आहे, तुमचा एखादा मेसेज लावून दाखवू का? मी फोन काढून घेतला. घरचा निरोप परक्याच्या दुकानात वाजवायचा नसतो. एकतीस वर्षांत हजारो घरांची गुपितं माझ्या हातातल्या वायरीतून गेली, मी एक शब्द ऐकला नाही.

घरी आले. जिना चढेपर्यंत फोन पुन्हा मुका. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं आणि घरी आल्यावर तोंड फुगवायचं, असली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.

झालं तसं लिहिते.

तास संपल्यावर सेक्रेटरीण माझ्यापर्यंत चालत आली. सावकाश. आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, आज किती पावत्या फाटल्या?"

मागे कोणीतरी हसलं. गुडघेबाई मांडी घालून बसल्या होत्या, फोटो नसताना. नर्स मात्र हसली नाही, खाली बघत होती.

पावतीचं वाक्य मी जगात एकाच व्यक्तीला पाठवलं होतं.

दुपारी २.

जेवण गेलं नाही. एकेक धागा जुळवते आहे. मागच्या वर्षी धाकटी राहायला आली होती तेव्हा नर्सकडून ब्लडप्रेशर तपासून घ्यायची. दोघींनी नंबर घेतले होते. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे वाट अशी: मी ते धाकटी, धाकटी ते नर्स, नर्स ते अख्खं विणकाम. आणि मला पाठवायचे मेसेज कोरे. ज्यांना पाठवायचे त्यांना पाठवून होत असतील, माझ्यासाठी शब्द कुठून उरणार?

हिची वेणी मी घातली. हिला शाळेत मी सोडलं. हिच्या लग्नाआधी तीन रात्री झोपले नाही ती मी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

धाकटीने आज चक्क टाइप करून पाठवलं. "ताई उत्तर दे". ताईनंतर स्वल्पविराम नाही, शेवटी पूर्णविराम नाही. दुर्लक्ष केलं.

सापळा लावला आहे. सव्वापाचला फक्त तिला सांगितलं की मला कंटाळा आला आहे, मी इन्चार्जपद सोडून किल्ली मंडळाला देऊन टाकणार आहे, पण हे कोणाला बोलू नकोस. यातला एकही शब्द खरा नाही. आवाज भरून आल्यासारखा केला. नीट जमलंय का ते दोनदा तपासलं, अर्थात मुक्यानेच. आता उद्या बघते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.४०.

उद्या बघते म्हटलं होतं, तर उजाडताच बघायला मिळालं. सकाळी हॉलचं दार उघडलं तर भिंतीवर कागदी फुलं. टेबलावर केक. ग्रीटिंग कार्डावर बारा सह्या, तेरावी वॉचमनची. सेक्रेटरीणीने भाषण केलं, मॅडमनी चार वर्षं निःस्वार्थ सेवा केली. गुडघेबाईंनी डोळे पुसले, आणि दुसरा हात किल्लीसाठी पुढे केला.

मी म्हटलं, मी कुठेही जात नाही. केक मात्र कापला. वाया घालवणं मला पटत नाही.

सिद्ध झालं. आणखी पुरावा कोणत्या कोर्टाला हवा?

संध्याकाळी ५.१५.

धाकटीला टाइप करून कळवलं: "तू काय केलंस ते मला कळलं आहे. आजपासून आपलं बोलणं बंद. काही पाठवू नकोस, येऊही नकोस." एकही चूक नाही. मग तिचा नंबर ब्लॉक केला. बँकेचं कर्ज घ्या म्हणून मागे लागणाऱ्यांसाठी मोबाइलवाल्याने शिकवलं होतं. सोपं असतं. दोन बटणं.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

मन हलकं वाटतं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार.

फारच हलकं.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

सव्वापाच वाजता करायला काही नव्हतं. कपाट आवरलं. जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. साडेपाच वाजले. मग सवय मोडू नये म्हणून रिपोर्ट रेकॉर्ड केला, कोणालाही न पाठवता. तपासला. पुसला. सकाळी व्यायामाला फक्त पाच जणी होत्या. केकने सुस्ती आली असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

आजचा रिपोर्ट लांबला. धाकटीच्या नावाने सुरू केला, पाठवायचा नव्हताच. म्हटलं, हा स्पीकर चांगला वाजतो गं, वाईट वाजत असता तर बरं झालं असतं. सकाळी पाऊण तास मी मोजायचे आणि बारा माणसं माझ्या आकड्यावर हात वर करायची, तेवढाच काय तो दिवसात माझा आवाज लागायचा. मग दूधवाला. तो फक्त एकच विचारतो, उद्या किती. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सात वाजेपर्यंत घसा कोरडाच. म्हणून सव्वापाचला तुला सांगायचे, लोकांबद्दल वाकडं सांगायचे, कारण सरळ सांगितलं की दोन मिनिटांत संपतं.

सवयीने तपासला. मुका. मुका होता म्हणूनच इतकं बोलता आलं. पुसून टाकला.

आज खालून विणकामाच्या हॉलमधून नेहमीचा हसण्याचा आवाज आला नाही. लवकर उठल्या असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळी बाराच्या बारा हजर. मी कपाट उघडायला निघाले तर सेक्रेटरीण म्हणाली, "राहू दे मॅडम आज स्पीकर. तुम्हीच मोजा."

कोणीही हसलं नाही. मी मोजलं. "थ्री" पूर्ण लांबीचा. गुडघेबाईंनी शेवटपर्यंत साथ दिली आणि जाताना माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. ताप असेल.

विजय माझा. ठाम राहिलं की लोक नमतात. चार दिवस उशीर झाला इतकंच.

मात्र पाणी पिताना लक्षात आलं, हे सव्वापाचला सांगायला कोणी नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७.

हे लिहायचं की नाही याचा तासभर विचार केला. वहीत खोटं लिहू नये.

पाच वाजता नर्स वर आली. दारातच म्हणाली, "धाकटी काल यायच्या होत्या ना? दिसल्या नाहीत."

मी म्हटलं, वा. तिच्या हेर तुम्ही, आणि विचारता मला?

ती आत येऊन बसली. बसा म्हटलं नव्हतं. म्हणाली, मॅडम, तुमचा फोन घ्या आणि तुमच्या बहिणीचा मेसेज लावा. मी म्हटलं, तिचे मेसेज कोरे असतात. ती म्हणाली, लावा तर खरं. मी लावला. मुका. मग ती म्हणाली, आता जिन्यात चला.

जिन्याच्या वळणावरच ऐकू आलं. खाली, आज विणकाम न भरलेल्या रिकाम्या हॉलमध्ये, जाळीच्या कपाटातून माझी बहीण बोलत होती.

नर्सने बाकीचं पायरीवर बसून सांगितलं. पहिल्या दिवशी सव्वापाचला विणकाम चाललं असताना कपाट एकदम माझ्या आवाजात बोलायला लागलं. त्या घाबरल्या, मग हसल्या. रोज सव्वापाच. प्रत्येक रिपोर्ट निदान दोनदा, कारण मी तपासते. कुलपामुळे बंद करता येईना. पुरुष यायला लागले. दुसऱ्याबद्दलचं ऐकताना हसायच्या, स्वतःचं आलं की गप्प व्हायच्या. तिने मला जिन्यात सांगायचा प्रयत्न केला, मी लेखी मागितलं. सेक्रेटरीणीने लेखी दिलं, मी तारीख मागितली. मग सेक्रेटरीणीला राग आला आणि म्हणाली, आता नकाच सांगू.

मी विचारलं, परवाचं? पाठवलं नव्हतं ते?

नर्स पायरीवरून उठली. मग म्हणाली, "परवा कोणी विणलं नाही."

मी तिच्याबद्दल जे बोलले होते, त्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

किल्लीने कपाट उघडलं. कुलूप लवकर निघेना. स्पीकर उचलून वर आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि धाकटीचा सहा तारखेचा मेसेज लावला. बावन्न सेकंद. अंगठा माइकवर नव्हता.

"ताई, ऐक ना. पोराने तिकीट काढलंय माझं, दोन मार्चचं. कायमची तिकडेच ये म्हणतोय. मी किती दिवस नाही म्हणणार? पण त्याआधी आठ दिवस तुझ्याकडे राहायचंय मला. वीस तारखेला येते. आपण दोघीच. तू सकाळी मोजशील तिथे मागे उभी राहीन मी. येऊ ना? आणि त्या बायकांना असं बोलू नकोस गं, उद्या तू आजारी पडलीस तर पाणी त्याच आणून देणार आहेत."

हे अख्ख्या बिल्डिंगने चारदा ऐकलं होतं. मी सोडून.

सात तारखेचा: "कोरे कसे येतील गं, ओरडून बोलतेय. येऊ की नको, एवढंच सांग." पुढचे दोन त्याहून लहान. मग ते टाइप केलेलं, स्वल्पविराम नसलेलं.

नर्सने चहा केला. साखर जास्त होती. कप रिकामा केला.

रात्री ८.

ब्लॉक काढला. मधल्या आठवड्यात तिने काही पाठवलं असेल तर ते आता येईल असं वाटलं होतं. येत नाही म्हणे. मोबाइलवाल्याला फोन करून विचारलं, ते जातं कुठे. तो म्हणाला, कुठेच नाही.

नियम मोडून तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. एकतीस वर्षं मी लोकांना किती सहज सांगायचे: उत्तर नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.

झोप झालेली नाही, पण डोकं स्वच्छ आहे. विश्वासघात झाला आहे यात मला अजूनही शंका नाही. फक्त कोणी केला, ते पुन्हा तपासावं लागेल. मुख्य दोष स्पीकरचा. ओळख झाली म्हणून न विचारता जोडून घ्यायचं ही काय रीत? त्यानंतर मोबाइलवाल्याचा, त्याची झोप त्याने घालवली. त्यानंतर सेक्रेटरीणीचा, अर्जावर तारीख घालायला किती वेळ लागतो? उरलेला दोष किरकोळ आहे. तो माझ्याकडे ठेवते.

किल्ली सकाळी मंडळाच्या टेबलावर ठेवून आले. स्पीकरही. माहितीपत्रक दुरुस्तीसह. सेक्रेटरीण म्हणाली, मोजणार मात्र तुम्हीच. मी म्हटलं, विचार करून सांगते. पायऱ्या चढतानाच ठरवलं होतं.

धाकटीला खालील मजकूर आत्ता टाइप करून पाठवला. त्याचीच प्रत रजिस्टर पोस्टाने. इथे नक्कल ठेवते.

"प्रिय धाकटे,

दिनांक ६ ते १३ फेब्रुवारीचे तुझे पाचही निरोप काल सायंकाळी माझ्यापर्यंत पोहोचले. उशिराचं कारण तांत्रिक होतं. चौदा तारखेचा माझा मेसेज रद्द समजावा. तू काहीही केलेलं नव्हतंस.

येऊ ना, असं तू विचारलं होतंस. उत्तर: हो. वीस तारीख होऊन गेली, पण दोन मार्चला अजून आठ दिवस आहेत. मोजून बघ. मी मोजले आहेत. पुढच्या खोलीतला पलंग रिकामा केला. सकाळच्या तासाला मागे उभं राहायचं काही कारण नाही, पुढे माझ्या शेजारी जागा आहे. इथल्या तेरा जणांना तू येणार हे माझ्याआधी कळलेलं आहे, तेव्हा न आल्यास त्यांना काय सांगायचं हा माझ्यापुढे प्रश्न आहे.

तुला यायचं नसेल तर तेही कळव. मी गाडीने तिकडे येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

हा मजकूर मी पाठवण्याआधी पुन्हा वाचलेला नाही. वाचला तर पाठवणार नाही.

बुधवार, दिनांक २६ फेब्रुवारी, सायंकाळी सव्वापाचच्या आत लेखी उत्तर हवं. तारीख नसली तरी स्वीकारलं जाईल. ऱ्हस्व-दीर्घ तुला हवे तसे घाल."